साखर न घालता फळांचा सॉस करताना गोडीच्या आधी आंबटपणा पाहावा

आपला प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. आपण आंबट जातीची सफरचंदे आणि प्लम एकत्र शिजवून, साखर अजिबात न घालता, सॉस केला. तो आंबट झाला आणि पातळही राहिला. दाट व्हावा आणि गोडी वाढावी म्हणून आपण तो बराच वेळ आटवला, तेव्हा तो पूर्वीपेक्षाही आंबट लागू लागला. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बरणीत दोन आठवड्यांच्या आत बुरशी दिसली. उरलेला भाग आपण फ्रीझरमध्ये ठेवला आहे. घरात मधुमेह असलेले ज्येष्ठ आहेत, म्हणून साखर नको आहे, आणि तिच्याऐवजी मध किंवा खजूर घालावा का, असे आपण विचारले आहे.

फळांवर प्रक्रिया करण्याचे काम मी अनेक वर्षे करते आणि ते शिकवतेही. त्या अनुभवावरून सांगते, की ‘साखरेऐवजी काय घालू’ या प्रश्नापासून सुरुवात केली, तर वाट बहुधा चुकते. साखर घातलेल्या सॉसमध्ये ती एकाच वेळी बरीच कामे करत असते. ती आंबटपणा झाकते, रसाला दाटपणा आणि चकाकी आणते, फळांचे तुकडे अखंड ठेवते आणि पुरेशा प्रमाणात असेल, तर पाणी धरून ठेवून जंतूंची वाढही रोखते. ही सारी कामे साखरेइतक्याच सहजपणे करणारा दुसरा एकही पदार्थ स्वयंपाकघरात नाही. त्यामुळे प्रत्येक कामाची वेगळी सोय करावी लागते. त्यातही चवीची सोय सर्वांत आधी करावी लागते, कारण ती फळे निवडतानाच होते. पातेले आचेवर चढल्यानंतर तिच्यासाठी फारसे काही हाती उरत नाही.

फळांची जात, त्यांची पक्वता, सॉस कोण खाणार आणि तो किती दिवस ठेवायचा आहे, या चार गोष्टींवर माझे उत्तर बदलते. म्हणून पुढे जे आकडे देते आहे, ते अंदाज बांधण्यासाठी आहेत. अंतिम निर्णय आपल्या हातातल्या फळाची चव घेऊनच करावा.

आटवल्यावर सॉस आणखी आंबट का झाला, हे नीट समजले, की बाकीचे बरेचसे आपोआप सुटते. आपल्या जिभेला फळाची गोडी एकटी जाणवत नाही. साखर आणि आम्ल यांचे परस्परांशी असलेले प्रमाण जाणवते. समजा, आपल्या सफरचंदांमध्ये ११ टक्के साखर आणि १ टक्का आम्ल आहे. म्हणजे आम्लाच्या एका भागामागे साखरेचे ११ भाग आहेत. हा गर आटवून निम्मा केला, तर फक्त पाणी उडून जाते. सफरचंदातले मॅलिक आम्ल किंवा लिंबूवर्गीय फळांतले सायट्रिक आम्ल वाफेबरोबर जात नाही. त्यामुळे साखर २२ टक्के झाली, तरी आम्लही २ टक्के होते आणि प्रमाण पूर्वीइतकेच, ११ ला १, राहते. दोन टक्के आम्ल ही जिभेला झोंबणारी मात्रा आहे. आटवल्याने चव तीव्र होते, तिचा तोल मात्र बदलत नाही. गोड फळ आटवले, तर ते अधिक गोड लागते. आंबट फळ आटवले, तर ते अधिक आंबट लागते.

आता हाच आंबट गर न आटवता त्यात तितक्याच वजनाचे, चांगले पिकलेले नाशपाती (पेअर) मिसळले, असे समजा. त्या फळात साखर साधारण १० टक्के आणि आम्ल जेमतेम ०.२ टक्के धरू. मिश्रणात साखर १०.५ टक्के होईल, म्हणजे पूर्वीपेक्षा किंचित कमीच. परंतु आम्ल ०.६ टक्क्यावर येईल आणि प्रमाण १७.५ ला १ होईल. दर शंभर ग्रॅममागची साखर घटली आणि सॉस मात्र स्पष्टपणे अधिक गोड लागू लागला. साखर न घालता सॉस करण्याची सगळी विद्या माझ्या मते या एका हिशेबात आहे. गोडी वाढवायची असेल, तर आंबट फळात कमी आम्लाचे फळ मिसळावे. मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी तर हा मार्ग विशेष मोलाचा आहे, कारण इथे जिभेला समाधान मिळते आणि साखर मुळीच वाढत नाही.

कमी आम्लाची फळे म्हणजे पिकलेले नाशपाती, गोड जातीची सफरचंदे, केळी, पूर्ण पिकलेला आंबा, अंजीर, पपई आणि काही जातींचे पीच. ही फळे एकटी शिजवली, तर सॉस बहुधा मिळमिळीत होतो. आंबट फळांच्या सोबतीने ती खुलतात. केळ्याचा स्वाद इतका जोरकस असतो, की किलोभर मिश्रणात एखाद-दुसऱ्या केळ्यापेक्षा अधिक घालू नये, नाहीतर प्लम असो वा बेरी, सॉस केळ्याचाच वाटतो. नाशपाती मात्र स्वभावाने शांत असतात. ते गोडी देतात आणि दुसऱ्या फळाची ओळख पुसत नाहीत. म्हणूनच पहिल्यांदा मिश्रण करणाऱ्याला मी नेहमी नाशपातीपासून सुरुवात करायला सांगते. गोड सफरचंदांचेही तसेच आहे, शिवाय त्यांच्यामुळे दाटपणा मिळतो.

फळ पिकवून घेणे हा दुसरा उपाय आहे आणि तो फुकटचा असूनही लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. सफरचंद, नाशपाती, पीच, प्लम, आंबा, केळे ही फळे तोडल्यानंतरही पिकत राहतात. कच्च्या सफरचंदात आणि केळ्यात पिष्ट (स्टार्च) असते, ते पिकताना साखरेत बदलते. सफरचंद साठवणीत असताना श्वसनासाठी स्वतःचे आम्लही खर्च करते, त्यामुळे काही आठवडे ठेवलेले सफरचंद ताज्या सफरचंदापेक्षा कमी आंबट लागते. आपली आंबट सफरचंदे खोलीच्या तापमानाला आठ-दहा दिवस ठेवून मग शिजवली असती, तरी फरक जाणवला असता. स्ट्रॉबेरी, चेरी, द्राक्षे, अननस आणि लिंबूवर्गीय फळांना हा नियम लागू नाही. ती तोडल्यावर मऊ पडतील, कदाचित त्यांचा रंग गडद होईल, पण गोड होणार नाहीत. ती झाडावर पिकलेलीच घ्यावी लागतात.

मात्र पिकलेले फळ आणि सडू लागलेले फळ यांत गल्लत करू नये. मार लागून काळपट झालेला भाग कापून उरलेले फळ वापरता येते. बुरशी चढलेले किंवा आतून कुजलेले सफरचंद मात्र पूर्ण टाकून द्यावे, कारण अशा सफरचंदांत पॅट्युलिन नावाचे बुरशीजन्य विष तयार होऊ शकते आणि नेहमीच्या शिजवण्याने ते भरवशाने नष्ट होत नाही. सॉससाठी ‘खराब होत आलेली’ फळे संपवण्याची सवय अनेकांना असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आंबटपणा मारण्यासाठी खाण्याचा सोडा घालावा, असा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. सोड्याने आम्ल खरोखरच कमी होते. पण मी तो वापरत नाही आणि वापरू देतही नाही. थोडा जास्त पडला, तरी चव साबणासारखी होते, क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, प्लम आणि बेरी यांचा लाल रंग मळकट निळसर होऊ लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साखर नसलेल्या सॉसचे रक्षण जे आम्ल करते, तेच आपण काढून घेतो. या शेवटच्या मुद्द्याकडे मी टिकाऊपणाबद्दल लिहिताना पुन्हा येईन.

चवीच्या बाबतीत आणखी थोडेसेच सांगण्यासारखे आहे. किलोभर गरात मिठाची एक चिमूट घातली, तर सालीचा कडवटपणा दबतो आणि गोडी पुढे येते. मीठ जाणवू लागले, तर ते जास्त झाले असे समजावे. दालचिनी, व्हॅनिला, वेलची, बडीशेप यांचा सुगंध मेंदू गोडीशी जोडतो, त्यामुळे यांपैकी एखाद्याच्या साथीने तोच सॉस अधिक गोड वाटतो. एकाच वेळी चारही घालू नयेत.

चव कधी घ्यावी, हेही महत्त्वाचे आहे. उकळत्या सॉसची चव घेऊन निर्णय करू नये. सफरचंद आणि नाशपाती यांच्या साखरेत फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो आणि फ्रुक्टोज गरम असताना कमी गोड लागते. थंड होताना त्याच्या रेणूंची रचना बदलते आणि गोडी वाढते. त्यामुळे चमचाभर सॉस बशीत काढून, तो खायच्या वेळी जितका गार असेल तितका होऊ द्यावा आणि मग चाखावा. पुष्कळ लोक पातेल्यातला गरम सॉस चाखून घाबरतात आणि मुठीने साखर घालतात. थोडे थांबले असते, तर तिची गरज पडली नसती.

आता दाटपणाकडे वळते. आपल्या सॉसला पाणी सुटले, यामागे आपण सुरुवातीला घातलेले पाणी असणार. फळात ८५ ते ९० टक्के पाणी आधीच असते, त्यामुळे शिजवताना ते फक्त बुडाला लागू नये एवढेच पाणी हवे असते. किलोभर चिरलेल्या सफरचंदांना १०० ते १२० मिलिलिटर पुरते. प्लम, बेरी, चेरी यांना दोन-तीन चमचे पाणीही पुष्कळ होते, कारण आच लागताच त्यांचा रस सुटतो. जाड बुडाचे, रुंद तोंडाचे स्टीलचे किंवा एनॅमलचे पातेले घ्यावे. ॲल्युमिनियम, लोखंड किंवा उघडे तांबे आम्लाशी प्रक्रिया करते आणि सॉसला धातूची चव येते. पहिली दहा-पंधरा मिनिटे झाकण ठेवून मंद आचेवर फळ मऊ होऊ द्यावे. मग झाकण काढून पाणी उडवावे. काही लोक सुरुवातीपासूनच झाकण उघडे ठेवतात. त्याने पाणी आधी आटते, फळ मात्र कच्चे राहते, आणि मग पुन्हा पाणी घालण्याची वेळ येते.

फळाच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन शिजताना मोकळे होऊन गरात मिसळते आणि सॉसला अंग देते. जॅमसारखे घट्ट बसण्यासाठी नेहमीच्या पेक्टिनला भरपूर साखर लागते, साधारण ६० टक्के आणि त्याहून अधिक, म्हणून साखर न घातलेला सॉस जॅमसारखा थरथरता बसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पळीवरून सावकाश घसरेल असा दाटपणा मात्र साखरेवाचून उत्तम मिळतो. पेक्टिन सर्वांत जास्त सालीत आणि गाभ्याजवळ असते, म्हणून मी सफरचंद सालीसकट शिजवते आणि मऊ झाल्यावर गर चाळणीतून दाबून काढते. बिया आधीच काढाव्यात आणि प्लम किंवा पीचच्या आठळ्या फोडून आतला मगज कधीही घालू नये, कारण त्यातून सायनाइड तयार होऊ शकते. सालीमुळे लाल सफरचंदांच्या सॉसला गुलाबी छटाही येते. मिक्सरमध्ये वाटले तरी चालते, पण वेगाने फिरवल्याने हवा मिसळते आणि रंग फिका पडतो. थोडे थांबत थांबत, कमी वेगाने फिरवावे. पूर्ण गुळगुळीत सॉसपेक्षा किंचित रवाळ सॉस मला चवीला अधिक भरीव वाटतो, परंतु ही आवडीची बाब आहे.

स्ट्रॉबेरी, चेरी, पीच आणि नाशपाती यांत पेक्टिन कमी असते. या फळांचा सॉस दाट करायचा असेल, तर त्यांच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके सफरचंद सोबत शिजवावे. बेरींच्या बाबतीत एक युक्ती उपयोगी पडते. त्या आधी फ्रीझरमध्ये गोठवून मग शिजवाव्यात. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे रस लगेच सुटतो, शिजवण्याचा वेळ घटतो आणि ताजेपणा टिकतो.

लिंबाचा रस केव्हा घालावा, याबद्दल दोन्ही बाजूंनी सांगितले जाते आणि दोन्हींत तथ्य आहे. चिरलेले फळ काळे पडू नये, म्हणून तो आधी घालतात. परंतु आम्लामुळे फळ मऊ व्हायला वेळ लागतो. माझी पद्धत अशी आहे, की फळ चिरल्याबरोबर लगेच पातेल्यात टाकावे, कारण उष्णतेने काळेपणा आणणारे विकर (एन्झाइम) निष्क्रिय होते आणि लिंबाची गरजच उरत नाही. चवीसाठी हवा असेल, तर रस शेवटी घालावा. आपल्या आंबट मिश्रणाला तो अर्थातच नको होता.

सॉस पुरेसा आटला की नाही, हे बघण्याची खात्रीची रीत म्हणजे गार बशीवर चमचाभर सॉस ठेवणे. दोन मिनिटांत त्याच्याभोवती पाण्याचे कडे उमटले, तर त्याला अजून थोडा वेळ हवा आहे. कडे उमटले नाही, की आच बंद करावी, कारण त्यापुढे स्वाद जातो आणि गर करपण्याची भीती वाढते. याहून नेमकेपणा हवा असेल, तर रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवावे आणि अधूनमधून भरलेले पातेले काट्यावर ठेवून किती गर उरला ते पाहावे. किलोभर फळाचा साधारण ७०० ते ७५० ग्रॅम गर उरला, की सफरचंदाच्या सॉसला माझ्या मते योग्य दाटपणा आलेला असतो.

आटवण्याऐवजी फळे ओव्हनमध्ये भाजणे मला अनेकदा अधिक आवडते. अर्धी कापलेली, बिया काढलेली फळे कापलेली बाजू वर ठेवून १८० अंश सेल्सिअसला अर्धा ते पाऊण तास भाजावीत आणि मग चाळावीत. पातेल्यात पाणी घालावेच लागत नाही, कडा खरपूस होतात आणि त्या खरपूसपणातून एक खोल स्वाद मिळतो, जो साखर नसलेल्या सॉसमध्ये फार कामी येतो. प्लम आणि पीच यांच्यासाठी मी भाजण्याचीच शिफारस करेन. भाजतानाही पाणीच उडते, त्यामुळे आम्लाचा वरचा हिशेब इथेही लागू आहे.

कॉर्नफ्लोअर किंवा इतर पिष्ट घालून दाटपणा आणायचा असेल, तर तो खायच्या वेळी, लागेल तेवढ्याच भागात आणावा. बरणीत बंद करून उकळायच्या सॉसमध्ये पिष्ट घालू नये. उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत ठरलेल्या वेळात पोहोचत नाही.

आता मध आणि खजूर. मधात सुमारे ८० टक्के साखरा असतात आणि खजुरात त्याच्या जातीनुसार ६० ते ७५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनात ज्या ‘मुक्त साखरा’ कमी ठेवायला सांगितल्या आहेत, त्यांत मध, पाक, फळांचे रस आणि आटवलेले फळरस यांतल्या साखराही धरल्या आहेत. म्हणजे साखरेच्या जागी मध घातल्याने पाककृतीचे नाव बदलते, रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. खजुरात तंतू असतात, तेवढा तो बरा. तरीही शंभर ग्रॅम खजूर म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम साखर, हे विसरू नये. निरोगी माणसांसाठी सॉस करताना मी कधीकधी किलोभर फळाला दोन-तीन खजूर घालते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी मात्र मी दोन्ही टाळेन. एक वर्षाखालील बाळ सॉस खाणार असेल, तर मध शिजवलेला असला तरी मुळीच घालू नये, कारण त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ‘साखर न घातलेला’ हे शब्द ऐकून लोक निर्धास्त होतात. साखर घातली नाही, तरी फळाची स्वतःची साखर सॉसमध्ये असतेच. किलोभर सफरचंदांत ११० ग्रॅम साखर असेल, तर गर ६०० ग्रॅमवर आणल्यावरही ती ११० ग्रॅमच राहते आणि दर शंभर ग्रॅमला १८ ग्रॅमच्या आसपास पडते. ताज्या फळात ती ११ होती. त्यातच गर वाटल्याने फळाची मूळ रचना मोडते. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारख्याच साखरेचे अखंड सफरचंद, त्याचा गर आणि त्याचा रस यांची तुलना केली होती. अखंड फळाने सर्वाधिक तृप्ती दिली, गराने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. गर आणि रस घेतल्यावर इन्शुलिनही अखंड फळापेक्षा जास्त वाढले. यावरून सॉस वर्ज्य ठरत नाही. परंतु मधुमेह असलेल्या व्यक्तीने तो वाटीभर न खाता दोन-तीन चमचे, जेवणाच्या इतर पदार्थांबरोबर खावा. त्यांच्यासाठीचा सॉस कमी आटवावा, थोडा जाडसर ठेवावा. आणि खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते, ते ग्लुकोमीटरवर पाहून आपल्या डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवावे. याबाबतीत माझ्या अंदाजापेक्षा त्या यंत्राचा आकडा अधिक खरा आहे.

बुरशीबद्दल. आपल्या हातून स्वच्छतेत काही कसूर झाली असेलच, असे नाही. जॅममध्ये साखर पाणी धरून ठेवते, म्हणून जंतूंना ते वापरता येत नाही. आपल्या सॉसमधले जवळपास सारे पाणी त्यांच्यासाठी मोकळे असते. फळाचे आम्ल बहुतेक जिवाणूंना दूर ठेवते, बुरशी आणि यीस्ट यांना मात्र आम्लाचे फारसे वावडे नसते. त्यामुळे साखर नसलेला सॉस फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवावा, असाच नियम धरावा. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या लहान बरण्या घ्याव्यात, सॉस गरम असतानाच भरावा आणि दर वेळी कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा. एका मोठ्या बरणीपेक्षा चार लहान बरण्या बऱ्या, कारण एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात.

त्याहून जास्त दिवस ठेवायचा असेल, तर फ्रीझर हाच सोपा आणि निर्धोक मार्ग आहे. उणे १८ अंश सेल्सिअसला सॉस आठ ते बारा महिने चांगला राहतो. गोठताना तो फुगतो, म्हणून डब्यात वर दीड ते दोन सेंटिमीटर जागा सोडावी. काचेची बरणी असेल, तर सरळ बाजूंची घ्यावी आणि जागा आणखी सोडावी. बर्फाच्या साच्यात गोठवून तुकडे पिशवीत भरून ठेवले, तर लागेल तेवढेच काढता येतात.

बरण्या हवाबंद करून फ्रिजबाहेर ठेवायच्या असतील, तर मात्र मी फार सावध भूमिका घेते. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्ल) ४.६ पेक्षा कमी असेल, तरच उकळत्या पाण्यातले निर्जंतुकीकरण पुरेसे असते, कारण त्याहून कमी आम्ल असलेल्या पदार्थात बॉट्युलिझमचे जिवाणू बंद बरणीत वाढू शकतात. सफरचंद, प्लम, बहुतेक बेरी या मर्यादेच्या आत सुरक्षित बसतात आणि त्यांना साखरेची गरज नसते. सफरचंदाच्या सॉससाठी अमेरिकी कृषी विभागाच्या घरगुती मार्गदर्शिकेत साखर ऐच्छिक आहे. समुद्रसपाटीजवळ सुमारे अर्ध्या लिटरच्या बरणीला उकळत्या पाण्यात १५ मिनिटे आणि लिटरच्या आसपासच्या बरणीला २० मिनिटे दिली आहेत. उंचावर राहणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. केळे, अंजीर, पपई, खरबूज, पांढऱ्या गराचे पीच आणि काही आंबे मात्र या मर्यादेपाशी किंवा तिच्या पलीकडे असतात. म्हणजे चवीचा तोल साधण्यासाठी मी वर जी मिश्रणे सुचवली, त्यांनीच हे संरक्षण ढिले होते. म्हणून माझा नियम असा आहे, की अशा कमी आम्लाच्या फळांचे, अंदाजाने केलेले मिश्रण फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्येच ठेवावे. बरणीबंद करायचा सॉस केवळ तपासून प्रसिद्ध केलेल्या पाककृतीनेच करावा, त्यात स्वतःचे बदल करू नयेत. खायच्या वेळी दोन बरण्यांतले सॉस एकत्र करायला कोणाचीच हरकत नाही.

बुरशी आलेली बरणी पूर्ण टाकून द्यावी. वरचा थर काढून खालचा सॉस खाण्यासारखा राहत नाही, कारण पातळ, ओलसर पदार्थात बुरशीचे तंतू आणि विषे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेली असतात, आणि पुन्हा उकळल्याने ती जातीलच असे नाही.

फ्रीझरमध्ये असलेला आंबट सॉस मात्र टाकू नये. तो बराच आटवलेला आहे, म्हणजे त्यात चवीचा चांगला साठा आहे. तो रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्यावा. त्याच्या दुप्पट वजनाचे, बोटाने दाबल्यावर देठाजवळ नरम लागणारे नाशपाती चिरून, अगदी थोड्या पाण्यात झाकण ठेवून मऊ शिजवावेत आणि चाळून घ्यावेत. त्या गरात आंबट सॉस थोडा थोडा मिसळत जावा आणि दर वेळी चमचाभर गार करून चाखावा. पूर्ण सॉस घालण्याच्या आधीच चव जमली, तर उरलेला पुढच्या वेळेसाठी ठेवावा. मिश्रण पाच मिनिटे नीट उकळू द्यावे, मीठ चिमूटभर आणि हवी असल्यास दालचिनी घालावी. आठवड्याभरात संपेल तेवढे फ्रिजमध्ये ठेवून बाकीचे लहान डब्यांत गोठवावे आणि प्रत्येक डब्यावर तारीख आणि फळांचे प्रमाण लिहावे. पुढच्या हंगामात सफरचंदे वेगळ्या झाडाची असतील आणि तेव्हा कोणते प्रमाण कुठून बदलायला सुरुवात करायची, हे ती चिठ्ठी सांगेल.